पणजी त्याच तीन गोष्टी सांगते, तिचं बाकीचं आयुष्य कसं ऐकायचं?

ओंजळ:

नमस्कार मंडळी, विचारू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी आज लिहायला बसलेच. माझी पणजी, म्हणजे आईची आजी, आम्ही सगळे तिला मोठी आजी म्हणतो, ती ९७ वर्षांची आहे. म्हणजे असावी, कारण जन्माची नोंद कुठेच नाही, घरातल्यांनी आपापसात हिशोब करून ठरवलेलं वय आहे. चालते थोडं थोडं, दिसतं बऱ्यापैकी, ऐकू मात्र कमी येतं. डोकं शाबूत आहे असंच मला वाटतं, कुणाकडून काय आणायचं राहिलंय हे तिला आमच्यापेक्षा जास्त लक्षात असतं.

मला तिचं सगळं आयुष्य ऐकून ठेवायचंय. खूप मनापासून. पण होतं काय की ती त्याच तीन गोष्टी सांगते. एक पुराची, नदीला पूर आला आणि वडिलांनी तिला खांद्यावर बसवून पलीकडे नेलं. दुसरी शाळेत पहिल्याच दिवशी पाटी फुटली ती. तिसरी घरात पहिलं घड्याळ आलं आणि त्याच्या टिकटिकीने रात्री कुणालाच झोप लागली नाही ती. या तीन मला पाठ आहेत, अगदी कुठे थांबते कुठे हसते ते सुद्धा. मी पुढचं विचारलं, लग्न कधी झालं, मग कुठे राहिलात, किती वर्षं, तर "झालं ते झालं बाई" म्हणते आणि परत घड्याळावर येते. त्यात गोष्ट दर वेळी थोडी बदलते, पूर कधी रात्री येतो कधी भर दुपारी, मग खरं काय लिहायचं? मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं की एकदम परक्यासारखी बोलायला लागते, तोंडावर पदर घेते.

आणि अजून एक. मागच्या महिन्यात पुराची गोष्ट सांगताना मध्येच म्हणाली "आम्ही दोघी होतो" आणि गप्प झाली. तिला बहीण होती हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली नको खोदूस, या वयात कशाला त्रास. मला कळत नाहीये विचारावं की सोडून द्यावं. तुमच्यापैकी कुणी असं कुणाचं ऐकलं असेल तर सांगा प्लीज.

कानोसा:

ओंजळ, आधी कानाचं सांगतो कारण माझं कामच ते आहे, कमी ऐकू येणाऱ्यांना मशीन बसवून द्यायचं, आणि रोज बघतो की घरातले लोक म्हणतात हल्ली विसरायला लागलेत आणि खरं तर त्यांना प्रश्नच ऐकू गेलेला नसतो. वयाने जे ऐकू कमी येतं त्यात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. म्हणजे स श च त फ ही व्यंजनं विरतात आणि स्वर तेवढे राहतात. माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते लागत नाही. मग ती माणसं काय करतात, अंदाजाने उत्तर देतात, किंवा हातात असलेली पाठ गोष्ट सांगतात कारण त्यात चुकायची भीती नसते. तुझ्या पणजीचं सगळंच यामुळे असेल असं नाही म्हणत, पण आधी हे तपासून बघ.

ओरडू नकोस. ओरडल्यावर आवाज मोठा होतो पण फाटतो, आणि ओरडणाऱ्या माणसाचा चेहरा रागावलेला दिसतो, समोरचं माणूस आपोआप मिटतं. समोर बस, शेजारी नको. उजेड तुझ्या तोंडावर पडला पाहिजे, खिडकी तुझ्या पाठीमागे असेल तर तिला तुझे ओठ दिसणारच नाहीत, आणि ओठ बघून अर्धं ऐकणं हे सगळेच करतात, त्यांना स्वतःला पण माहीत नसतं. टीव्ही बंद, पंखा जमलं तर कमी, कारण गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची ताकद या वयात फार कमी झालेली असते. एका वेळी एकच प्रश्न, छोटा, खालच्या पट्टीत, सावकाश. समजला नाही तर तोच परत जोरात म्हणू नकोस, शब्द बदलून म्हण. मशीन असेल तर बसायच्या आधी सेल बघ. एकदा एका आजोबांना घरच्यांनी तीन आठवडे मेलेला सेल घालून बसवलं होतं, आणि सगळे म्हणत होते की त्यांचा आता कशात जीव नाही.

निळी_शाई:

वरचं सगळं बरोबर आहे. मी बरीच वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ऐकून लिहून काढायचं काम केलंय, पगारी आणि बिनपगारी दोन्ही, त्यामुळे थोडं लांब लिहिते.

पहिलं म्हणजे तीच तीच गोष्ट सांगतात म्हणून वैतागू नकोस. पूर्वी डॉक्टर लोक सुद्धा समजायचे की म्हातारपणी जुनं उगाळणं हे बुद्धी चळल्याचं लक्षण. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने उलट मांडलं, की शेवटाच्या जवळ आलेलं माणूस मागे वळून आयुष्याचा ताळा बघतं, आणि हे स्वाभाविक आहे, गरजेचं आहे. त्यात जे अर्धवट राहिलेलं असतं ते परत परत वर येतं. माझा अनुभवही तोच, जी गोष्ट सारखी सांगतात तिच्यात काहीतरी अडकलेलं असतं. तुझ्या बाबतीत तर तूच लिहिलंयस काय अडकलंय ते.

दुसरं, तिन्ही गोष्टी लहानपणीच्या का, हे पण बघ. चाळिशी उलटलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की साधारण १० ते ३० या वयातल्या प्रमाणाबाहेर जास्त येतात, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी, आपण कोण आहोत हे ठरवणाऱ्या गोष्टी, त्या तिथे साठलेल्या असतात. त्यामुळे तू ५० व्या वर्षाचं विचारलंस तर तिला खरंच पटकन सापडणार नाही. घड्याळापासूनच सुरू कर. घड्याळ कुठल्या भिंतीवर होतं, किल्ली कोण द्यायचं, खाली कोण झोपायचं. गोष्टीच्या पुढे जाऊ नकोस गं, गोष्टीच्या आत जा. खाली कोण झोपायचं एवढ्या एका प्रश्नावर मला एकदा अकरा माणसांचं घर मिळालं होतं, कोण कुणाशी बोलत नव्हतं त्यासकट.

साल विचारायचं तर अजिबात बंद कर. "लग्न कोणत्या साली झालं" हा प्रश्न परीक्षेसारखा आहे, उत्तर आलं नाही की माणूस ओशाळतं आणि मिटतं. त्यांचं कॅलेंडर वेगळं असतं, मोठा पूर आला त्या वर्षी, थोरला पाळण्यात होता तेव्हा, विहीर आटली त्याच्या पुढच्या वर्षी. जिथे जन्माच्या नोंदी नसतात तिथे जनगणना आणि पाहण्या करणारे लोक सुद्धा असंच करतात, त्या भागातल्या माहीत असलेल्या घटनांची यादी घेऊन बसतात आणि विचारतात की हे झालं तेव्हा तुम्ही केवढे होतात. तू पण एका मोठ्या कागदावर तशी यादी करत जा, सालं तू मागून लाव, तिच्यासमोर नाही.

पूर रात्री की दुपारी. हे बघ, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला कागद नाही, दर वेळी ती नव्याने जुळवली जाते, हे बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवलं होतं आणि नंतर अनेकांनी. त्यामुळे ती खोटं बोलत नाहीये आणि तिला टोकू तर अजिबात नकोस, "मागच्या वेळी तर दुपार म्हणालीस" हे वाक्य मनातही आणू नकोस. दोन्ही लिही, तारीख टाकून. बदलतं ते लिही आणि बदलत नाही ते तर नक्कीच लिही. माझा तरी अनुभव आहे की वेळ, आकडे, कोण आधी आलं कोण नंतर हे हलत राहतं, पण एखादा वास, एखादा स्पर्श, कुणी उच्चारलेलं एखादं वाक्य हे सहसा जागचं हलत नाही. मी तरी पुढचा प्रश्न तिथेच विचारते.

नावं अडतात फार. विशेषनामं म्हातारपणी सगळ्यात आधी अडतात, जिभेवर असतं आणि येत नाही. तू लगेच सुचवू नकोस. गप्प राहा. मनात दहा आकडे मोज, नुसत्या त्या दहा आकड्यांनी किती काय हाती लागतं ते तुझं तुलाच दिसेल. मला सुरुवातीला ती शांतता अवघड वाटायची, मी लगेच पुढचा प्रश्न टाकायचे, आणि नंतर टेप ऐकताना कळायचं की त्या बाई श्वास घेऊन बोलायला लागणारच होत्या.

दुपार:

मी थोडं वेगळं सांगणार आहे. रेकॉर्डिंगच्या मागे एवढं लागू नकोस.

माझ्या आजोबांचं मी ऐकलं होतं, ते ९१ चे होते, मी कॉलेजला. साधारण चौदा तासांचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. ते गेल्यावर दोन वर्षं उघडलंच नाही, हिंमत नव्हती. मग उघडलं आणि ऐकत गेलो, तर निम्म्या वेळा मीच बोलतोय. ते म्हणतात "मग आम्ही तिथून निघालो आणि" आणि मी मध्येच "म्हणजे कुठल्या वर्षी?" ते म्हणतात "तुझ्या आजीला तेव्हा" आणि मी "थांबा थांबा, आधीचं पूर्ण करा". त्यांची अर्धी राहिलेली वाक्यं मी मोजली नाहीत पण खूप आहेत, आणि ती आता कुणीच पूर्ण करू शकत नाही. आजीला तेव्हा काय झालं होतं हे मला माहीत नाही. मला क्रम हवा होता, आधी जन्म मग शाळा मग नोकरी, जसं काही मी फॉर्म भरत होतो, आणि त्यांना काहीतरी सांगायचं होतं.

म्हणून म्हणतो, पहिले पंधरा दिवस मोबाईल बाजूला ठेव. तिच्याबरोबर काहीतरी कर, कपड्यांच्या घड्या घाल, तिचे केस विंचर, नखं काप. हातांना काम असलं की माणूस जास्त मोकळं बोलतं, आणि एकमेकांकडे टक लावून बघायला लागत नाही (कानाचं वर लिहिलंय ते खरं आहेच, म्हणून समोर बसूनच घड्या घाल). रात्री झोपायच्या आधी आठवेल तेवढं वहीत लिही. तिचे शब्द जसेच्या तसे, तू सुधारून नाही.

निळी_शाई:

दुपार, तुमचं वाचून गलबललं. पटतंय, पण आवाज ठेवावा असं मला तरी वाटतं, कारण वहीत शब्द राहतात, तिची ती "बाई" म्हणायची लकब राहत नाही. ओंजळ, आधी तिला सांग आणि विचार. लपवून रेकॉर्ड करू नकोस, कितीही मोह झाला तरी. मग मोबाईल दुमडलेल्या रुमालावर ठेव म्हणजे टेबलाचे धक्के येत नाहीत, स्क्रीन खाली करून, विमान मोडवर टाकून, म्हणजे मध्येच फोन यायला नको. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोल, ती विसरते. सुरुवातीला तू तारीख आणि कोण बोलतंय ते म्हण. त्याच दिवशी फाईलला नीट नाव देऊन दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, एकाच मोबाईलवर ठेवलेलं मोबाईलबरोबर जातं, हे मी रडणाऱ्या लोकांकडून ऐकलंय. अर्धा पाऊण तास पुरे एका वेळी. सकाळी बस शक्यतो, संध्याकाळी बरीच म्हातारी माणसं थकून गोंधळतात.

आणि तिला एक वाक्य आधीच देऊन ठेव, "जे लिहायचं नाही ते सांग, मी लिहिणार नाही". आणि खरंच लिहू नकोस.

परतवाट:

बहिणीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. तुझ्या आईचं म्हणणं काळजीतून आलंय, तिला वाईट ठरवू नकोस. पण "विचारायचं" आणि "सोडून द्यायचं" याच्या मध्ये एक जागा आहे. तू विषय काढू नकोस, पण ती जेव्हा स्वतः तिथे येते तेव्हा पळूही नकोस. आपण पळतो. माझ्या सासूबाई ८८ व्या वर्षी त्यांच्या गेलेल्या मुलाचं बोलायच्या आणि आम्ही सगळे लगेच म्हणायचो राहू द्या आई, आता कशाला ते, औषध घेतलंत का. आम्हाला वाटायचं आम्ही त्यांना जपतोय. एकदा माझ्या मुलीने, ती नऊ वर्षांची होती, सरळ विचारलं "तो हसायचा कसा?" आणि आई तासभर बोलल्या. रडल्या पण, आणि त्या रात्री गाढ झोपल्या. ४० वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की तो हसायचा कसा.

रडणं आलं तर येऊ दे. हात धरून बस. फक्त असं काही बोलणं झाल्यावर लगेच उठून जाऊ नकोस, काहीतरी साधं बोलून, थोडा वेळ नुसतं बसून मग ऊठ. आणि ती "नको" म्हणाली किंवा हात काढून घेतला तर तिथेच थांब, परत स्वतःहून तिकडे जाऊ नकोस.

ओंजळ:

सगळ्यांचे खूप खूप आभार, उत्तर द्यायला सात आठ आठवडे लागले त्याबद्दल सॉरी. काय झालं ते सांगते.

कानाचं आधी केलं. मी इतके दिवस खिडकीकडे पाठ करून बसत होते, म्हणजे तिला मी नुसती सावली दिसत असणार. खुर्ची फिरवली. पहिल्याच दिवशी फरक पडला, म्हणाली "आज तू नीट बोलतेयस". मग दुपार यांनी सांगितलं तसं घड्या घालायला बसले, मोबाईल नाही काही नाही. घड्याळाची गोष्ट आली. मी विचारलं खाली कोण झोपायचं. ती किती वेळ गप्प. मी मनात मोजत होते, दहाच्या वर गेले असेन. मग तिने घडी घालायचा टॉवेल मांडीवर पसरला आणि बोटाने दाखवायला लागली, इथे आई, इथे आत्या, इथे मी, दाराजवळ वडील कारण त्यांना पहाटे निघायचं असायचं. पूर्ण घर टॉवेलवर. तिच्या आणि आत्याच्या मधे एक जागा तिने नुसती हाताने सारखी केली, जशी आपण चादर सारखी करतो, आणि तिथे कुणाचं नाव घेतलं नाही. मी पण विचारलं नाही. घशात आलं होतं पण नाही विचारलं.

रेकॉर्डिंगचं तिला विचारलं तर म्हणाली माझा आवाज चांगला नाही. मी म्हटलं मला आवडतो. विचार करून म्हणाली ठेव मग. आता रुमालावर ठेवते, तीच आठवण करते रुमालाची.

पुराची गोष्ट मागच्या रविवारी आली, तिची तीच आली, मी काढली नाही. या वेळी पूर पहाटे होता. मी साल, वेळ काहीच न विचारता फक्त एवढंच म्हटलं, खांद्यावर बसल्यावर धरायला काय होतं गं? ती म्हणाली, "केस. त्यांचे केस. ओले झालेले, सारखे निसटायचे. या बाजूचे मी धरलेले, त्या बाजूचे तिने." आणि दोन्ही मुठी वर केल्या, स्वतःच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना, घट्ट. ९७ वर्षांची माझी पणजी, डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. मी तिचा एक हात धरला. ती रडली नाही, मीच रडले. बराच वेळ तशीच बसली होती, मग म्हणाली दोघी पलीकडे पोचलो होतो, ती नंतर गेली, तापाने, त्याच पावसाळ्यात. आणि घरात पुढे कुणी तिचं नाव घ्यायचं नाही कारण आईला सहन व्हायचं नाही, मग आई गेली, मग नाव घेणारं कुणी उरलंच नाही.

नाव त्या दिवशी तिने सांगितलं नाही आणि मी मागितलं नाही. माझ्या आईला मात्र सांगितलं सगळं, तिला वाईट वाटलं पण दुसऱ्या दिवशी ती स्वतः येऊन बसली आमच्यात, घड्या घालायला.

काल सकाळी मी तिच्या झग्याची बटणं लावत होते तर अचानक नाव म्हणाली. एकदा, मग परत एकदा. मला म्हणाली वहीत लिही ते, इथे सांगू नये असं मला वाटतं म्हणून लिहीत नाहीये. मी मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. तिने वही डोळ्यांजवळ नेली, बोट ठेवून एकेक अक्षर बघितलं, आणि म्हणाली, "ऱ्हस्व काय काढलंयस, दीर्घ आहे ते. दीर्घ काढ." मी खोडून परत लिहिलं.